महामार्गाच्या कडेने सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलींना काय शिकवावे आणि त्यांच्यासाठी काय मागावे?

सहावा_तास :

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमची शाळा सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गाला लागून, रस्त्याच्या पश्चिमेला आहे. शाळेच्या दक्षिणेला साडेतीन किलोमीटरवर एक गाव आहे, तेही पश्चिमेलाच, आणि तिथून रोज २६ मुली सायकलवर येतात. बहुतेकींच्या सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या आहेत. आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींसाठी ती योजना आहे. त्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे आणि पूर्वी तिथल्या बऱ्याच मुलींचे शिक्षण सातवीलाच थांबायचे. दारात सायकल आली आणि मुली आठवीच्या वर्गात दिसू लागल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून सायकलवर आलेले संकट मला त्यांच्या शाळेवर आलेले संकट वाटते.

रस्ता चौपदरी झाल्यापासून वाहनांचा वेग फार वाढला आहे. सध्या उसाचा हंगाम असल्यामुळे कंटेनर आणि ट्रेलरांच्या जोडीला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टरही सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर असतात आणि त्यातल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. मागच्या पंधरवड्यात नववीतली एक मुलगी शाळेत येत असताना मागून आलेला कंटेनर तिच्या इतक्या जवळून गेला की, तिला धक्का लागला नसतानाही ती नुसत्या वाऱ्याने हेलपाटली आणि साइडपट्टीच्या खाली खडीत पडली. कोपर आणि गुडघा सोलवटला, इतक्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी सायकल घराच्या मागे उभी करून ठेवली. चार दिवस ती शाळेत आली नाही आणि मी घरी गेले तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही हमी घेता का?" मला उत्तर देता आले नाही.

माझी सर्वांत मोठी अडचण परतीच्या वाटेची आहे. सकाळी मुली उत्तरेकडे येतात तेव्हा त्या आपोआप डाव्या बाजूने, वाहनांच्या दिशेनेच येतात. संध्याकाळी दक्षिणेकडे जाताना मात्र नियमाने जायचे तर महामार्ग ओलांडून पलीकडच्या बाजूला जावे लागते आणि गावाजवळ पुन्हा अलीकडे यावे लागते. गावाच्या फाट्यावर भुयारी मार्ग आहे, पण शाळेजवळ नाही. शाळेसमोर कुणीतरी दुभाजक फोडून केलेली वाट आहे, तिथून निम्म्या मुली ओलांडतात. उरलेल्या अलीकडच्याच साइडपट्टीने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, उलट दिशेने घरी जातात. पालकांचे म्हणणे असे की, समोरून येणारे वाहन निदान दिसते, मागून येणारे दिसत नाही. दहावीचे जादा तास असले की सहा वाजतात आणि या दिवसांत तोवर अंधार पडू लागतो. शाळेपासून गावाकडे साधारण ६०० मीटरवर महामार्गाखालून जाणारी ओढ्याची एक मोरी आहे, तिच्यातून गुराखी जनावरे पलीकडे नेतात, पण मुली तिकडे वळत नाहीत.

यातली कमी धोक्याची वाट कोणती, मुलींना नेमके काय शिकवावे आणि शाळेने कोणाकडे काय मागावे, हे जाणकारांनी सांगितले तर मी ते अमलात आणीन.

लांबपल्ला :

बाई, मी पुण्यात राहतो आणि गेली बारा वर्षे २०० ते ६०० किलोमीटरच्या सायकल फेऱ्या करतो, त्यातला मोठा भाग महामार्गांवरच असतो. माझे पहिले सांगणे असे की, उलट दिशेने सायकल चालवणे ताबडतोब बंद करावे. समोरचे वाहन दिसते हे खरे असले तरी त्या दिसण्याची किंमत फार मोठी पडते. चौपदरी रस्त्यावर मालवाहू वाहनाला ताशी ८० किलोमीटरची आणि मोटारीला १०० ची मर्यादा आहे. मुलगी ताशी १२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच दिशेने जाणारा ट्रक तिच्याकडे ६८ च्या वेगाने येतो आणि समोरून येणारा ९२ च्या वेगाने. आघाताची तीव्रता वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे हा फरक पावणेदोन पटीहून अधिक आहे. आपण गणित शिकवता, तेव्हा हे उदाहरण फळ्यावर मांडलेत तर मुलींना ते चांगले समजेल. शिवाय बाजूच्या रस्त्यावरून महामार्गाला लागणारा मोटारसायकलस्वार फक्त उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडूनच येणार असतात. उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या डावीकडून येते आणि तिकडे त्याची नजर वळतच नाही.

वाऱ्याच्या धक्क्याबद्दल सांगतो. मोठे वाहन शेजारून जाते तेव्हा त्याच्या तोंडाशी दाबलेली हवा सायकलला आधी बाहेर ढकलते आणि त्याची शेपटी पुढे गेली की तीच सायकल आत, रस्त्याकडे ओढली जाते. नवशिक्या मुली पहिल्या धक्क्याने घाबरून हँडल आत वळवतात आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरी ओढ येते. आवाज मोठा होऊ लागला की कोपर सैल ठेवायचे, पकड घट्ट पण हात ताठ नाही, पेडल मारणे थांबवायचे नाही आणि मान वळवून मागे पाहायचे नाही, एवढे शाळेच्या मैदानावर घोटून घेता येते. दप्तर हँडलला लटकवलेले असेल तर सायकल अशा वेळी मुळीच सावरत नाही, म्हणून ते मागच्या कॅरिअरला बांधावे किंवा पाठीवर घ्यावे. ओढणीची टोके कमरेला खोचलेली असावीत.

दुसरी जागा म्हणजे डांबराची कड. डांबर संपते तिथे खालची माती पावसाने वाहून गेली की दोन-तीन इंचांची पायरी तयार होते. चाक एकदा या पायरीवरून खाली उतरले की मुली घाईघाईने तिरपे वर चढायला बघतात, टायर कडेला घासते आणि सायकल मुलीसकट रस्त्यावर आडवी होते. चाक खाली गेले तर खालीच राहू द्यायचे, वेग कमी करायचा, थांबायचे, उतरायचे आणि सायकल उचलून वर घ्यायची. माझ्या ओळखीतल्या सायकलस्वारांच्या पडण्यापैकी बऱ्याच पडण्यांना ट्रक कारण नव्हता, ही कड होती. ट्रक मागून आला असता तर काय झाले असते, हा विचारही नकोसा वाटतो.

अंधारात मागचा लाल दिवा हवाच. तो आणि चमकणारी पट्टी मिळून मुलीमागे फार थोडा खर्च येतो आणि तो ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या पतसंस्थेने उचलायला हरकत नसावी. पट्टी मडगार्डइतकीच पेडलांवर आणि घोट्याशी बांधलेल्या फितीवर लावावी, कारण वर-खाली हलणारी चमक दिसली की चालकाला ती सायकल आहे हे लगेच कळते.

चौदाटायर :

मी २२ वर्षे मालाची गाडी चालवली, त्यातली नऊ वर्षे चौदा टायरची. आता गावी शेती करतो. बाईंच्या प्रश्नात चालकाची बाजू कोणी सांगणार नाही असे वाटले, म्हणून लिहितो.

लोक समजतात की, चालक उंच बसतो म्हणून त्याला सगळे दिसते. उंच बसल्यामुळे लांबचे दिसते आणि जवळचे दिसत नाही. आमची सीट उजवीकडे असते, त्यामुळे डाव्या दाराला लागून, पुढच्या चाकाच्या शेजारी जी चार-पाच फुटांची जागा असते, तिथे सायकल घेऊन माणूस उभा असला तरी तो आम्हांला दिसत नाही. केबिनच्या नाकासमोर अगदी जवळून गेलेली लहान मुलगीही दिसत नाही. पूर्वी डाव्या खिडकीत क्लीनर बसायचा. तो खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारायचा आणि "सायकल, सायकल" असे ओरडायचा. आता बहुतेक मालकांना दुसऱ्या माणसाचा पगार परवडत नाही, म्हणून चालक एकटाच असतो आणि ती डावी बाजू आरशाच्या भरवशावर उरली आहे. मुलींना हे सांगा की, ट्रकचा आरसा तुम्हांला दिसत नसेल, आरशात चालकाचे तोंड दिसत नसेल, तर चालकाच्या लेखी तुम्ही तिथे नाहीच. थांबलेल्या गाडीच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये आणि तिच्या तोंडासमोरून जाऊ नये. गाडी डावीकडे वळते तेव्हा पुढचे चाक जिथून जाते, तिथून मागचे जात नाही. ते आतून, कोपरा कापून येते आणि कोपऱ्यावर थांबलेल्या सायकलवाल्याला वाटत असते की, गाडी तर पुढे गेली. फाट्यावर, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी आणि कारखान्याच्या गेटवर हा धोका सर्वांत मोठा असतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी सायकलवर बसून कळणार नाही. भरलेल्या गाड्या आपल्याकडे दुभाजकाच्या बाजूने, उजव्या पट्ट्यात चालतात. डाव्या बाजूला रिक्षा, जनावरे, उभी वाहने असतात, सारखा ब्रेक मारावा लागतो आणि लोड असताना पुन्हा वेग धरायला फार वेळ लागतो, म्हणून आम्ही तसे करतो. ते चूक आहे, मी त्याचे समर्थन करत नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, मागच्या मोटारी डावीकडून पुढे काढतात. मोटारवाल्याला माझ्या गाडीच्या आडून पलीकडचे काही दिसत नसते. तो ९०–१०० च्या वेगाने डावीकडे कट मारतो आणि तिथे साइडपट्टीच्या कडेला सायकल असते. म्हणून मुलींनी ट्रक दिसला की ट्रककडे पाहू नये, ट्रकच्या मागून काय बाहेर पडते आहे याचा अंदाज ठेवावा. मागून दोन वेगळ्या इंजिनांचे आवाज आले की साइडपट्टीच्या अगदी बाहेर व्हावे, वाटल्यास उतरावे. एका मिनिटाने घरी पोहोचायला उशीर झाला तरी चालतो.

साइडपट्टीवर ढाब्यासमोर उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल लांबपल्ला यांनी लिहिले नाही, पण माझ्या मते सायकलवाल्यांचा सर्वांत जास्त घात तिथे होतो. उभी गाडी वाटेत आली की सायकल तिला वळसा घालायला रस्त्यावर येते आणि मागून येणाऱ्याला ती अचानक आडवी आल्यासारखी होते. उभ्या गाडीच्या वीस पावले अलीकडे उतरायचे, मागे वळून नीट पाहायचे आणि रस्ता मोकळा असेल तरच सायकल हातात धरून पुढे जायचे, किंवा डाव्या बाजूने मातीतून जागा असेल तर तिथून चालत जायचे. संध्याकाळी अंधार पडल्यावर समोरच्या गाडीने अप्पर, म्हणजे वरचा प्रखर झोत, मारलेला असतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे काही सेकंद नुसता पांढरा पडदा असतो. त्या काही सेकंदांत गाडी ५०–६० मीटर पुढे गेलेली असते. विनादिव्याची ट्रॉली आणि विनादिव्याची सायकल त्या पडद्याआड सारख्याच नाहीशा होतात.

बाई, आपण एक करा. ओळखीच्या कोणाचा तरी ट्रक सुटीच्या दिवशी शाळेच्या मैदानात आणून उभा करा, इंजिन बंद, चावी काढलेली, चाकांना दगड लावलेले. एकेका मुलीला चालकाच्या सीटवर बसवा आणि बाकीच्यांना सायकली घेऊन गाडीभोवती उभे करा. मी जे एवढे लिहिले आहे ते त्यांना दोन मिनिटांत कळेल. जवळपास कोणाची गाडी मिळाली नाही तर मला कळवा, मी माझ्या पुतण्याची घेऊन येतो.

निवृत्त_उपअभियंता :

लांबपल्ला यांचे गणित बिनचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष या शाळेपुरता मला पुरेसा वाटत नाही. उलट दिशेने जाऊ नका असे सांगितले की त्या सगळ्या मुली दुभाजकाच्या फोडलेल्या वाटेने ओलांडू लागतील. ती वाट उलट दिशेहून अधिक घातक आहे. चौपदरी रस्त्यावर ओलांडणाऱ्याला दोन्ही अंगांच्या वाहनांचा वेग जोखायचा असतो. मुलीला तीन-चार सेकंदांत पहिली बाजू ओलांडून दुभाजकावर पोहोचायचे असते आणि तिथे जेमतेम एका सायकलला पुरेल एवढ्या जागेत सव्वा किंवा दीड मीटरच्या अंतराने वाहने जात असताना उभे राहायचे असते. पाच मुली एकत्र ओलांडतात तेव्हा पहिली दोघी पोहोचतात आणि उरलेल्या मागोमाग पळतात. त्यांच्यासाठी वाहने थांबत नाहीत. मी नोकरीत असताना दुभाजकाच्या अशा वाटा बंद करवल्या आणि पुन्हा फोडलेल्याही पाहिल्या, कारण लोकांना दुसरी वाट दिल्याशिवाय नुसती भिंत घातली की ती टिकत नाही.

सध्याच्या परिस्थितीत मी असे सुचवीन. शाळा सुटल्यावर मुलींनी सायकली हातात धरून, साइडपट्टीच्याही बाहेर मातीच्या पट्ट्यातून मोरीपर्यंत ६०० मीटर चालत जावे. सायकल हातात धरलेली मुलगी पादचारी असते आणि पादचाऱ्याने वाहनांकडे तोंड करून चालणेच योग्य आहे, म्हणजे पालकांचे म्हणणे इथे उपयोगी पडते. याला आठ-नऊ मिनिटे लागतील. मोरीतून पलीकडे जावे, तिथून आपल्या डाव्या बाजूने, वाहनांच्या दिशेने गावाच्या फाट्यापर्यंत सायकल चालवावी आणि भुयारी मार्गाने अलीकडे यावे. म्हणजे महामार्ग एकदाही वरून ओलांडावा लागत नाही. मोरीत गाळ, काटेरी बाभूळ आणि अंधार असणार, त्यामुळे मुली तिकडे वळत नाहीत हे साहजिक आहे. ग्रामपंचायतीने ती साफ करून घ्यावी, तळाला फरशी किंवा खडी घालून एक कोरडी पट्टी करावी आणि सौर दिवा लावावा. ओढ्याला पाणी असेल त्या दिवशी मात्र मोरीत कोणीही उतरू नये, हा नियम कडक ठेवावा लागेल आणि शाळेतून एक शिक्षक सोबत द्यावा लागेल.

अर्ज कोणाकडे करायचा याचे उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांकडे एक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे एक, दोन्हींसोबत ग्रामसभेचा ठराव आणि शाळेच्या लेटरहेडवर मुलींची संख्या व वेळा. मागण्या मोघम नसाव्यात. "सुरक्षेची उपाययोजना करावी" असे लिहिले की शाळेची एक पाटी लागते आणि विषय संपतो. डांबराच्या कडेची पायरी मुरूम भरून सपाट करणे, साइडपट्टीवरची बाभळी तोडणे, शाळेपासून मोरीपर्यंत लोखंडी कठडा घालून त्याच्या आत पायवाट करणे, ढाब्यासमोर वाहने उभी करण्यास बंदी आणि शाळेजवळ सेवा रस्ता, असे किलोमीटरच्या दगडाचे आकडे घालून लिहावे. कठडा आणि पायवाट वर्षभरात होऊ शकते. सेवा रस्त्याला भूसंपादन लागले तर अनेक वर्षे जातात.

परंतु माझ्या मनातले खरे उत्तर महामार्गावर नाहीच. ८० ते १०० च्या वेगाची वाहने आणि १२ च्या वेगाची मुलगी यांच्यामध्ये फक्त एक पांढरी रेघ असेल, तर मुलगी कितीही शहाणी असली तरी ती दुसऱ्याच्या चुकीतून वाचत नाही. गाव आणि शाळा एकाच बाजूला आहेत, ही या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. महामार्ग होण्यापूर्वीही लोक त्या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करत होते, मग ते कुठून जात होते? तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा पाहा. त्यात एका तुटक रेघेने पायमार्ग आणि दोन तुटक रेघांनी गाडीमार्ग दाखवलेला असतो. शेतांमधून जाणारी एखादी पाणंद तुम्हांला बहुधा सापडेल. ती नांगरून शेतात घेतलेली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांना अडथळा दूर करण्याचा अधिकार आहे, आणि जिथे वाटच नाही तिथे बांधावरून वाट देण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. कामाचा खर्च शासनाच्या शेत पाणंद रस्ते योजनेतून होतो. शेतकऱ्यांना स्वतःचा ऊस आणि कापूस बाहेर काढायला हाच रस्ता हवा असतो, त्यामुळे शाळेला त्यांची साथ मिळते.

दावा_अर्ज :

मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. मुलीच्या वडिलांनी जी हमी मागितली ती कायदा देऊ शकत नाही, तरी काही गोष्टी पालकसभेत सांगून ठेवाव्यात, कारण त्या माहीत नसल्यामुळे लोक उपचार आणि भरपाई दोन्हींना मुकतात. अपघात झाल्यास १०८ वर रुग्णवाहिका आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर मदत मिळते. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला साक्षीसाठी अडकवता येत नाही, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चे संरक्षण आहे. २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोख मिळू शकतात. वाहन पळून गेले आणि सापडले नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. वाहन सापडले असेल तर न्यायाधिकरणापुढचा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो, आणि बहुतेक पालक ही मुदत संपल्यावरच माझ्याकडे येतात. किरकोळ अपघाताचीही नोंद पोलीस ठाण्यात करावी. नववीतल्या त्या मुलीच्या पडण्याची नोंद झाली असेल, तर उपअभियंत्यांनी सांगितलेल्या अर्जाला ती जोडता येईल.

सहावा_तास :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्यामुळे सात आठवड्यांनी काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

ट्रक गावातच मिळाला. एका रविवारी तो मैदानात उभा केला आणि चौदाटायर यांनी सांगितले तसेच सगळे केले. जी मुलगी पडली होती तिला मुद्दाम पहिल्यांदा चालकाच्या सीटवर बसवले आणि तिच्या चार मैत्रिणींना सायकली घेऊन डाव्या दाराला लागून उभे राहायला सांगितले. "कोण कोण दिसतंय?" असे विचारल्यावर तिने काचेतून, मग खिडकीतून, मग वाकून पाहिले आणि म्हणाली, "बाई, इथं तर कुणीच नाही." खालच्या चौघी एकदम गप्प झाल्या. तिचे वडीलही आले होते. ते स्वतः वर चढून बसले, बराच वेळ डावीकडे पाहत राहिले आणि उतरल्यावर त्यांनी सायकलच्या साखळीला तेल कुठे मिळेल असे विचारले. सोमवारी ती शाळेत आली.

मोरी ग्रामपंचायतीने साफ केली आहे. आता रोज संध्याकाळी आम्ही शिक्षक आळीपाळीने मुलींबरोबर मोरीपर्यंत चालत जातो आणि दहावीचे जादा तास सकाळी घेतो. लाल दिवे २६ जणींना मिळाले. दोन्ही अर्ज दिले आहेत, पोच घेतली आहे, कडेची पायरी भरण्याचे काम शाळेसमोर सुमारे दोनशे मीटर झाले आहे आणि पुढचे थांबले आहे. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

नकाशात दोन तुटक रेघा सापडल्या. गावातल्या ऐंशी वर्षांच्या एका आजोबांनी त्या वाटेने बैलगाडीतून बाजाराला गेल्याचे सांगितले आणि काठी टेकत आमच्याबरोबर चालून वाट कुठून वळायची तेही दाखवले. जवळजवळ सगळी पाणंद मोकळी आहे, फक्त मधले तीन शेतकरी तिच्यावर पीक घेतात. तहसीलदारांनी स्थळपाहणी केली. दोघांनी लगेच होकार दिला आणि तिसऱ्यांनी ज्वारी निघाल्यावर जागा सोडतो असे लिहून दिले आहे. आता माझी शंका अशी आहे की, ही सगळी काळी माती आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तिथे सायकल सोडाच, पायातली चप्पलही निघत नाही. मग पावसाळाभर मुली पुन्हा महामार्गावरच येतील. मुरूम टाकला तर पुरेल का?

निवृत्त_उपअभियंता :

नुसता मुरूम काळ्या मातीवर टाकला तर तो दोन पावसांत मातीत बुडतो आणि पैसे वाया गेल्यासारखे होतात. आधी दोन्ही बाजूंना चर काढून पाण्याला वाट द्यावी. त्या चरांची माती मधोमध टाकून रस्ता बाजूच्या शेतापेक्षा उंच करावा आणि दाबून घ्यावा. त्यानंतर कठीण मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि रोलर फिरवून घालावेत. जिथे ओघळ आडवा येतो तिथे सिमेंटचे पाइप टाकावेत, नाहीतर तेवढ्या एका जागेमुळे सगळा रस्ता बंद पडतो. पूर्ण रुंदीचे पैसे यंदा मिळाले नाहीत, तर दीड मीटरची एक पट्टी तरी खडी घालून पक्की करून घ्यावी, सायकलला ती पुरते. हे सगळे मेअखेर व्हायला हवे आणि त्याआधी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत, म्हणजे पुढच्या पेरणीला वाद होणार नाही. ग्रामपंचायतीने केलेले अंदाजपत्रक आणि नकाशाची प्रत मला पाठवा. मी पाइपांच्या जागा आणि मुरमाचे मोजमाप तपासून आठवड्याभरात परत करतो.